कॅप्सूल कॉफी मशीन: घेण्याआधी रसदीचा विचार करा



आजचा विषय सीमेवरचा नाही, स्वयंपाकघरातला आहे. घरगुती कॅप्सूल कॉफी मशीन घ्यावं का, घ्यायचं तर कोणत्या प्रकारचं, आणि परदेशातल्या मुलाने किंवा मुलीने आणून दिलं तर ते आपल्याकडे चालेल का, हे आज बघू.

मी बेंगळुरूत राहतो. या शहरात निवृत्त मराठी मंडळी बरीच आहेत. कोणी सैन्यातून निवृत्त होऊन इथेच राहिलं, कोणी कारखान्यातून, कोणी मुलांच्या मागून पुण्या-नागपुराहून आलं. पुढे तीच मुलं दुबई, लंडन, सिंगापूर, न्यू जर्सीला गेली आणि आई-वडील इथे राहिले. अशा घरांत हे मशीन हल्ली दोन वाटांनी येतं. एक, मुलांच्या सुटकेसमधून. दोन, मॉलमध्ये कोणीतरी कपभर कॉफी प्यायला देतं आणि आपल्याला ती आवडते, म्हणून.

सैन्यातली माझी बरीच वर्षं रसद पुरवठ्यात गेली. तिथे एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवतात. तोफ कितीही चांगली असो, गोळे वेळेवर पोचले नाहीत तर ती नुसतं लोखंड आहे. कॅप्सूल मशीनचं अगदी तसंच आहे. आपण म्हणतो मशीन घेतलं. खरं तर आपण पुढच्या पाच-सात वर्षांसाठी एक पुरवठ्याची वाट निवडलेली असते. ती वाट पक्की आहे का, तिचा खर्च झेपेल का आणि ती कोणाच्या हातात आहे, हे तीन प्रश्न आधी विचारायचे. मशीनचा रंग आणि आकार नंतर.

कॅप्सूलच्या आत काय असतं

आधी यंत्र समजून घेऊ. दळलेल्या कॉफीचा मोठा शत्रू म्हणजे हवा. पूड उघडी राहिली की काही दिवसांतच तिचा वास उडतो. कॅप्सूल म्हणजे एका कपापुरती पूड भरून हवाबंद केलेली छोटी डबी. ती अॅल्युमिनियमची असते किंवा प्लॅस्टिकची. आत हवा राहू नये म्हणून भरताना सहसा नायट्रोजन सोडतात. त्यामुळे महिन्यांनंतर फोडली तरी कॉफी बरीचशी ताजी लागते.

कॅप्सूल मशीनमध्ये टाकून दांडी खाली ओढली की पाठीमागून टोकं घुसून तिला भोकं पडतात. टाकीतलं पाणी छोट्या हीटरमधून जाताना तापतं आणि पंप ते दाबाने आत ढकलतो. पुढच्या बाजूचा पातळ पत्रा दाबामुळे जाळीवर फाटतो आणि कॉफी कपात उतरते. खोक्यावर ‘१९ बार’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ती पंपाची कमाल क्षमता. एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब पुरतो. त्यामुळे एकावर १५ आणि दुसऱ्यावर १९ लिहिलंय म्हणून दुसऱ्याला जास्त पैसे देऊ नका.

ही कल्पना नेस्ले कंपनीतल्या एरिक फाव्र नावाच्या स्विस इंजिनियरची. १९७६ मध्ये तिचं पेटंट झालं आणि १९८६ मध्ये कंपनीने नेस्प्रेसो या नावाने वेगळा धंदा सुरू केला. मशीनमध्ये एकदाच कमाई होते, कॅप्सूलमध्ये रोज होते, हे त्या धंद्याचं मर्म. दाढीचं रेझर आणि पाती, किंवा घरचा प्रिंटर आणि त्याची शाई, याच जातीतला हा हिशेब. यात फसवणूक काही नाही. पण घेणाऱ्याला तो माहीत असायला हवा.

चार घराणी, चार मापं

दुकानदार सगळ्यांना ‘कॅप्सूल मशीन’च म्हणतो. पण यात निदान चार वेगळी मापं आहेत आणि एकाची कॅप्सूल दुसऱ्यात बसत नाही.

पहिलं, नेस्प्रेसोचं जुनं माप, ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणतात. शिंप्याच्या अंगुस्तान्यासारखी छोटी कॅप्सूल, आत ५ ते ६ ग्रॅम पूड. याची मूळ पेटंट २०१२ च्या सुमारास संपली. तेव्हापासून इतर कंपन्याही या मापाच्या कॅप्सूल बनवू लागल्या. भारतातही काही कॉफी भाजणारे या मापाच्या कॅप्सूल विकतात.

दुसरं, त्याच कंपनीचं ‘व्हर्ट्युओ’. हे २०१४ मध्ये अमेरिकेत आलं. कॅप्सूल घुमटासारखी, काठावर बारकोड. मशीन तो बारकोड वाचतं आणि कॅप्सूल गरागरा फिरवून मोठा कप भरून देतं. तो बारकोडच कुलूप आहे. दुसऱ्या कोणाच्या कॅप्सूलचा पर्याय फारच कमी.

तिसरं, ‘डोल्चे गुस्तो’. हेही नेस्लेचंच, पण कॅप्सूल प्लॅस्टिकची आणि मोठी. काही पेयांना दुधाची कॅप्सूल वेगळी लागते, म्हणजे एका कपाला दोन कॅप्सूल.

चौथं, अमेरिकेतलं ‘केयुरिग’ आणि त्याचे ‘के-कप’. यात दाब फार नसतो. आत कागदी गाळणी असते आणि अमेरिकन पद्धतीची पातळ, मोठा मग भरून कॉफी येते. न्यू जर्सी किंवा टेक्सासहून येणाऱ्या भेटींत हे हमखास असतं.

माझ्या मते आपल्याकडे राहणाऱ्याने पहिल्या मापाचाच विचार करावा. त्याची कॉफी सगळ्यांत चांगली असते, असा माझा दावा नाही. कारण एवढंच की त्या मापाच्या कॅप्सूल एकापेक्षा जास्त पुरवठादार बनवतात. एक रस्ता बंद झाला तर दुसरा असतो. शिवाय या मापाच्या स्टीलच्या रिकाम्या कॅप्सूलही मिळतात. त्यात आपल्या आवडीची पूड भरायची, वापरून धुवायची, पुन्हा भरायची. खटाटोप आहे, पण अडीअडचणीला उपयोगी पडते. मात्र त्यात चिकोरी नसलेली पूड भरा. चिकोरी पाण्यात जास्त विरघळते, फिल्टरमध्ये ती दाटपणा आणते. मशीनच्या दाबाखाली तिचं काही काम नाही.

सुटकेसमधून आलेलं मशीन

आता परदेशातून मशीन आणण्याचा प्रश्न. इथे भावना बाजूला ठेवून मशीनच्या तळाशी चिकटवलेली पट्टी वाचा.

भारतात घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज असते. ब्रिटन, युरोप, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि संयुक्त अरब अमिरात, म्हणजे दुबई-अबुधाबी, इथली वीजही जवळपास अशीच. तिथलं मशीन आपल्याकडे चालतं, फक्त प्लग वेगळा असतो. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, जपानमध्ये १०० व्होल्ट. तिथलं मशीन आपल्याकडे थेट लावायचं नाही. का, तर हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १२० व्होल्टचा हीटर २३० वर लावला तर तो ठरलेल्यापेक्षा जवळजवळ पावणेचार पट उष्णता काढू पाहतो. पहिली कॉफी येण्याआधीच मशीन संपतं, आणि आग लागण्याचा धोका वेगळाच.

कोणी सांगेल, ट्रान्सफॉर्मर लावा. लावता येतो, पण मशीन १२०० ते १५०० वॉटचं असतं. तेवढा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर चांगला जडशीळ येतो आणि ओट्यावर मशीनइतकीच जागा खातो. मोबाइलच्या चार्जरसाठी मिळणारा लहान कन्व्हर्टर इथे बिलकूल चालत नाही. शिवाय हर्ट्झ तेच राहतात, आणि यातले छोटे पंप विजेच्या हर्ट्झवरच धडधडतात. म्हणून अमेरिकेतल्या मुलांना प्रेमाने सांगा, मशीन आणू नका, हवं तर इथलं घेऊन द्या.

२३० व्होल्टचं मशीन असलं तरी तीन गोष्टी बघा. एक, १५०० वॉटला साडेसहा अँपिअर लागतात. आपलं मिक्सर लावायचं साधं सॉकेट ६ अँपिअरचं. म्हणजे हे मशीन १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटवरच लावायचं. दोन, ढिला अॅडॉप्टर नको. तो तापतो. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून आपल्याकडचा प्लग बसवून घ्या. तीन, वॉरंटी. एका देशातली वॉरंटी दुसऱ्या देशात चालेलच असं नाही. विकत घेतानाच कंपनीला विचारा. आणि हो, घरचा साधा इन्व्हर्टर हा भार पेलत नाही. वीज गेली की या मशीनची कॉफीही गेली. पितळेचा किंवा स्टीलचा फिल्टर मात्र अंधारातही काम करतो.

विजेच्या बिलाची काळजी नको. मशीन मिनिटभरच जोरात चालतं, एका युनिटात तीसेक कप निघतात. खर्च विजेचा नाही, कॅप्सूलचा आहे.

हिशेब

भाव रोज बदलतात, म्हणून मी गोल आकडे धरतो. तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला.

धरा, एक कॅप्सूल ५० रुपयांना. याहून स्वस्तही मिळतात, महागही. आत कॉफी ५ ग्रॅम. म्हणजे किलोभर कॉफीच्या २०० कॅप्सूल झाल्या आणि किलोला आपण १०,००० रुपये मोजले. आता फिल्टरची पूड धरा ८०० रुपये किलो. एका पेल्याला १० ग्रॅम लागली तरी ८ रुपये. दूध-साखर दोन्हीकडे सारखीच.

नवरा-बायको दोघं, प्रत्येकी दोन कप. दिवसाला चार. कॅप्सूलचे २०० रुपये, फिल्टरचे ३२. वर्षाचे कॅप्सूलचे ७३,००० आणि फिल्टरचे ११,६८०. फरक एकसष्ट हजारांच्या वर. मशीनच्या किमतीवर सेलमध्ये दोन हजार वाचले म्हणून आपण खूश होतो, तेव्हा हा आकडा समोर ठेवा.

यात आणखी एक बारीक मुद्दा आहे. बेंगळुरूच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या हॉटेलात, ‘बाय टू कॉफी’ मागण्याची जुनी रीत आहे. एक कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. घरीही आपण तेच करतो. अचानक कोणी आलं तर डिकॉक्शनमध्ये थोडं दूध वाढवतो आणि दोघांचं तिघांत भागतं. कॅप्सूलचं बाय टू होत नाही. सहा पाहुणे आले तर सहा कॅप्सूल, एकामागून एक, आणि सहावा कप येईपर्यंत पहिल्याची कॉफी गार. ज्या घरात माणसांची ये-जा आहे, तिथे हे मशीन ताण वाढवतं.

म्हणजे मशीन घेऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. एका घरात त्याचं खरं मोल मी पाहिलं आहे.

काकूंचा साठा

आमच्या इमारतीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक मराठी काकू एकट्या राहतात. त्यांचे हात थरथरतात. दोनदा गॅसवर भांडं विसरलं. मुलगा नेदरलँड्समध्ये. त्याने येताना मशीन आणलं आणि सोबत दोनशे कॅप्सूल. वीज जुळणारी, प्लग बदलून घेतला, सगळं ठीक. रोज एक कप, म्हणजे दोनशे दिवसांची बेगमी.

दोन-तीन महिन्यांनी लिफ्टमध्ये भेटल्या. मी विचारलं, “काकू, मशीन चालतंय ना?”

“चालतंय हो कर्नलसाहेब. पण रोज संपवून कसं चालेल? तो एकदम डिसेंबरला येणार. कोणी आलं-गेलं तर असाव्यात म्हणून ठेवल्यात.”

म्हणजे कॅप्सूल कपाटात जपून ठेवलेल्या, आणि त्या स्वतः पुन्हा थरथरत्या हातांनी गॅसवर कॉफी करत होत्या. ज्या धोक्यासाठी मशीन आणलं, तो तसाच होता. मशीनमध्ये दोष नव्हता, मुलाच्या प्रेमातही नव्हता. पुरवठ्याची वाट मात्र वर्षातून एकदा उघडणारी होती, आणि संपेल या भीतीने माणूस हातातलंही वापरत नाही. हे आम्ही चौक्यांवर पाहिलेलं आहे. पुढचा ट्रक कधी येणार ते माहीत नसेल तर जवान बिस्किटाचा पुडाही जपून ठेवतो.

उपाय साधा होता. त्यांचं मशीन पहिल्या मापाचं, त्यामुळे भारतात मिळणाऱ्या कॅप्सूल त्यात बसत होत्या. दोन-तीन प्रकारच्या दहा-दहा मागवून पाहिल्या, एक त्यांना आवडली. मग एक नियम ठरवला. सैन्यात याला फेरमागणीची पातळी म्हणतात. रोजचा खप एक. माल यायला फार तर सात दिवस. वर पंधरा दिवसांचा राखीव साठा. सात अधिक पंधरा, बावीस. डब्यात बावीस कॅप्सूल उरल्या की मुलाला निरोप जातो आणि तो तिथून फोनवर मागणी टाकतो. काकूंनी डब्यावर २२ आकडा लिहून चिकटवलाय. आता त्या रोज कॉफी पितात, आणि परवा मलाही पाजली.

परदेशातल्या मुलांनी हे ऐकावं. आई-वडिलांना नुसतं मशीन देऊ नका. पुरवठा लावून द्या, आणि तो इथल्या बाजारातून लावून द्या.

दुधाचं काय

वयस्कर माणसासाठी मशीन घेताना लोक एक गोष्ट हमखास विसरतात. मशीन देतं ती काळी कॉफी. आपल्याला हवी दुधाची. मग दूध गॅसवर चढतं, आणि उतू जाणं, भांडं लागणं, गॅस चालू राहणं हे सगळे धोके दुधापाशीच आहेत. सुरक्षिततेसाठी मशीन घेत असाल तर दूध तापवणारं आणि फेसाळणारं छोटं विजेचं भांडं बरोबर घ्या. ते आपोआप बंद होतं. नाहीतर मायक्रोवेव्ह किंवा टायमरचा इंडक्शन. यातलं काहीच नसेल तर मशीनने धोका अर्धाच कमी केला.

चवीचंही सांगतो. एस्प्रेसोचं बटण ४० मिलिलिटर देतं, लुंगोचं ११०. आपली सवय दवरा-टंबलरमधल्या घट्ट कॉफीची. लुंगोचं बटण दाबून वर दूध घातलं की पाणचट लागतं आणि माणूस मशीनला नावं ठेवतो. छोटं बटण दाबा आणि ८० ते १०० मिलिलिटरच तापलेलं दूध घाला. कॅप्सूल निवडताना गडद भाजलेली, रोबस्टा मिसळलेली घ्या. दुधात ती टिकते. तरीही ती फिल्टर कॉफी होणार नाही. फिल्टर कॉफीचा दाटपणा बराचसा चिकोरीतून येतो. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी असा नियम आहे, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मीसुद्धा चिकोरी असू शकते. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, वाचत जा.

घेण्याआधी दुकानात ज्यांना वापरायचं आहे त्यांच्याच हाताने दांडी ओढून बघा. काही मशीनची दांडी बरीच कडक असते. पाण्याची टाकी भरून उचलता येते का, बटणांवरची चित्रं चष्म्याशिवाय दिसतात का, तेही पाहा.

पाणी

या मशीनचा खरा शत्रू जड पाणी. बेंगळुरूच्या जुन्या भागांत कावेरीचं पाणी येतं, ते सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपाने वर चढवून आणतात. बाहेरच्या नव्या वस्त्या मात्र बोअरवेल आणि टँकरवर. हे पाणी बहुधा जड. किटलीच्या तळाशी जो पांढरा थर दिसतो, तोच मशीनच्या बारीक नळीत साठतो. मग कॉफी थेंबथेंब येते, कोमट येते, आणि एक दिवस यायचीच बंद होते. औरंगाबाद, सोलापूर, हैदराबाद, जिथे जिथे जड पाणी आहे तिथे हेच.

म्हणून टाकीत घरच्या फिल्टरचं पाणी घाला, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने क्षार काढायचं द्रावण फिरवा. व्हिनेगर वापरू नका, बरेच उत्पादक त्याला मनाई करतात. रात्री टाकी रिकामी करून ठेवावी. कॅप्सूलचा हिशेब करताना या द्रावणाचाही खर्च धरा.

रिकामी कॅप्सूल

बेंगळुरूत ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा लागतो. वापरलेली कॅप्सूल ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. आत ओला चोथा, बाहेर सुकं अॅल्युमिनियम. तशीच फेकली तर ती धड ओल्यात नाही, धड सुक्यात नाही. अॅल्युमिनियम पुन्हा पुन्हा वितळवता येतं, पण त्यासाठी ते स्वच्छ होऊन भंगारापर्यंत पोचायला हवं. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशाने अशा कॅप्सूल घेणंच बंद केलं, ते या कचऱ्यापायी.

घरी एवढं करता येतं. पत्रा फाडायचा, चोथा कुंडीतल्या मातीत थोडा थोडा मिसळायचा, डबी विसळून एका बरणीत साठवायची आणि बरणी भरली की सुक्या कचऱ्यात द्यायची. एका कपाला अर्धं मिनिट. हे करायचा कंटाळा असेल तर मशीन घेताना पुन्हा विचार करा.

एकच विक्रेता, एकच खरेदीदार

शेवटी जरा लांबून बघू. आपण ज्या शहरात बसून स्विस कॅप्सूल फोडतो, ते भारतीय कॉफीचं मुख्य ठाणं आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळूरुच्या डोंगरात लावल्या, अशी कथा इथे सांगतात. त्या डोंगरांना त्यांचंच नाव आहे. आजही देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, आणि कॉफी बोर्डाचं मुख्यालय बेंगळुरूतच आहे.

१९४२ च्या कायद्याने आलेल्या व्यवस्थेत मळेवाल्याला आपली कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावी लागे. विकणार बोर्ड, पैसे देणार बोर्ड. युद्धकाळात बाजार कोसळला होता तेव्हा त्या आधाराची गरज होती. पण पुढे अनेक दशकं मळेवाल्याला दुसरा खरेदीदार निवडायची सोय नव्हती. १९९० च्या दशकात ही बंधनं टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ पर्यंत कॉफी मोकळी झाली. त्याच वर्षी चिक्कमगळूरुच्या मळेवाल्या घरातले व्ही. जी. सिद्धार्थ यांनी ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं. आज कोडगू-चिक्कमगळूरुची कॉफी भाजणारे अनेक छोटे उद्योग दिसतात, ते त्या मोकळिकीचं फळ.

एकच खरेदीदार असला की पिकवणारा अडकतो. एकच विक्रेता असला की पिणारा अडकतो. नेस्प्रेसोच्या एका कॅप्सूलचं नावच ‘इंडिया’ आहे. त्यात आपल्याकडची पावसाळी वाऱ्यावर मुरवलेली रोबस्टा असते. ती इथून स्वित्झर्लंडला जाते, तिथे भाजून, दळून, डबीत भरून पुन्हा जगभर फिरते. कॉफी चांगली आहे, जरूर प्या. फक्त तेवढ्या एकाच दारावर आपली रोजची सकाळ अवलंबून ठेवू नका.

तर मग घ्यायचं की नाही

थोडक्यात सांगतो. घरात एकटं माणूस असेल, हात-डोळे पूर्वीसारखे नसतील, दिवसाला एक-दोन कपच लागत असतील आणि मुलं पुरवठा लावून देणार असतील, तर घ्या. महिन्याला दीड ते तीन हजार रुपये ही त्या सोयीची आणि सुरक्षिततेची किंमत समजा, ती मला महाग वाटत नाही. घरात चार-सहा माणसं, दुधाची कॉफी, पाहुण्यांची वर्दळ, तर स्टीलचा फिल्टर घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली पूड. रात्री पूड घालून वरून उकळतं पाणी ओतलं की सकाळी डिकॉक्शन तयार असतं, त्यालाही फार कष्ट नाहीत.

घ्यायचं ठरलं तर पैसे देण्याआधी पाच प्रश्न विचारा. व्होल्टेज किती? कॅप्सूलचं माप कोणतं, आणि ते बनवणारे किती? माझ्या पिनकोडवर कॅप्सूल किती दिवसांत येतात? दुरुस्ती कुठे होते? आणि वर्षाचा खर्च किती? या पाचांची उत्तरं कागदावर लिहा. दोन उत्तरं जरी धूसर वाटली तरी तो दिवस जाऊ द्या. मशीन कुठे पळून जात नाही, पुढच्या सेलमध्ये असतंच.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू. तब्येतीला जपा.

जय हिंद.